सालईवाडीचा उतार

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी घराजवळची पोस्टिंग मागितली आणि ती मिळाली. छत्रपती संभाजीनगरची छावणी. माझं गाव पिशोर, कन्नड तालुक्यातलं. छावणीपासून दोन तासांवर. सव्वीस वर्षं मी गावापासून लांब होतो. त्यातली साडेचार वर्षं ईशान्येकडच्या डोंगरांत गेली, रस्ते आणि उतार सांभाळण्याच्या कामावर. मी इंजिनिअर कंपनीतला नायब सुभेदार. बंदूक आमच्याकडंही असते, पण आमचं रोजचं काम फावडं, पहार, पूल आणि रस्ता.

छावणीतलं रूटीन ठरलेलं होतं. ०५४५ ला पीटी, ०८०० ला फॉलिन म्हणजे रांगेतली हजेरी, दुपारपर्यंत गाड्या आणि स्टोअरची देखभाल. पावसाळ्याचे चार महिने चाळीस जणांची एक टुकडी पूरमदतीसाठी स्टँड बाय असायची. तिला आम्ही कॉलम म्हणायचो. कॉलमचा जेसीओ, म्हणजे जागेवरचा प्रमुख, मी होतो. होड्या, लाइफ जॅकेट, दोरखंड, सगळी तयारी पाण्याची. गोदावरी फुगली तर पैठणकडं निघायचं, एवढाच प्लॅन. उत्तरेच्या डोंगरांचा त्यात कुठं उल्लेख नव्हता.

मी ओसींकडं गेलो. ओसी म्हणजे आमचे कंपनी कमांडर, मेजर साहेब. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण ऐकून घेणारे.

"सर, दरडीचा ड्रिल पण घ्यावा म्हणतो."

"इथं दरड?"

"कन्नडच्या बाजूला उतार आहेत, सर. झाडं गेलीत त्यांच्यावरची."

"घ्या," ते म्हणाले. "वाया काही जात नाही."

ड्रिल साधा होता. खोदकाम चालू असताना एक माणूस समोरच्या उंचवट्यावर उभा करायचा. त्यानं फक्त उताराकडं बघायचं. तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं सोडायचं आणि पळायचं. खाली नाही, आडवं. माती खालीच येते.

हा ड्रिल सगळ्यांत मनापासून केला नायक भागवतनं. तो करमाडचा. भरती होण्याआधी वर्षभर शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर होता. म्हणायचा, "साहेब, तिथं आठ तास एका जागी उभं राहून पाय मेले व्हते." कॉलमची चेन सॉ, म्हणजे झाडं कापायची मशीनची आरी, त्याच्या ताब्यात होती. लाकूड कापण्याचं काम त्याला मी शिकवलं. तो फार बोलायचा नाही. प्रश्न मात्र विचारायचा आणि उत्तर पटेपर्यंत हलायचा नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तालुक्याची रेकी केली. रेकी म्हणजे आधी जाऊन जागा बघून येणं. मी, भागवत, ड्रायव्हर आणि तहसीलचा एक कर्मचारी. पिशोरच्या पुढं डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे. सालईवाडी म्हणू. तीस-पस्तीस घरं, मागं सरळ चढत गेलेला उतार. लहानपणी मी तिथं डिंक गोळा करायला गेलेलो. तेव्हा उतारावर सालई, अंजन, धावडा अशी गच्च झाडी होती. आता पश्चिमेचा अख्खा उतार उघडा होता. पूर्वेला तेवढा म्हसोबाच्या रानाचा एक पट्टा उभा होता, देवाचं म्हणून कुणी हात न लावलेला.

तिथं यमुनाबाई भेटल्या. पासष्टीच्या, काटक. तीस वर्षं रोपवाटिकेत मजुरी केलेल्या. त्यांचं घर म्हसोबाच्या रानाखाली होतं.

"कुणी तोडली, मावशी?" मी विचारलं.

"प्लाट पाडायचे म्हनून आले व्हते कोनी. झाडं गेली, खालचा मुरूम रस्त्याला गेला. प्लाट काय झाले नाय."

"किती दिवस झाले?"

"चार सालं."

त्या मला वर घेऊन गेल्या. एका बुंध्याशी बसल्या आणि मनगटाएवढी मुळी दोन बोटांनी ओढली. ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तुटून आली. आत भुसा होता.

"फुटवे आले व्हते," त्या म्हणाल्या. "शेरडांनी खाल्ले. मंग दोन उन्हाळे वणवा लागला. आता ह्या मेल्या. वरून दिसतं नाय, पन खाली काय राह्यलं नाय."

खाली उतरताना भागवतनं विचारलं, "साहेब, झाडं तोडून चार वर्षं झाली. चार पावसाळे डोंगर उभा राहिला. मग आता काय होणार?"

हे मला ईशान्येत एका म्हाताऱ्या सुभेदारानं शिकवलं होतं, ते मी त्याला सांगितलं. आपल्या डोंगरात खाली अखंड काळा खडक असतो आणि वर माणूस-दीड माणूस उंचीची मुरूम-माती. पाऊस मातीतून झिरपतो, खडकाशी थांबतो आणि त्यावरून वाहायला लागतो. मग वरची माती जड होते आणि खालून तिची पकड सुटते. मुळ्या दोन कामं करतात. जाड मुळ्या माती भेदून खडकाच्या भेगांत शिरतात, खिळे ठोकल्यासारख्या. बारीक मुळ्या आडव्या पसरून मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. शिवाय झाड मातीतलं पाणी पीत राहतं, ते वेगळंच. झाड तोडलं त्या दिवशी मुळ्या मरत नाहीत. मेलेली मुळीही दोन-तीन वर्षं माती धरून ठेवते. कुजली की मग सोडते. म्हणून तोडल्यावर लगेच काही होत नाही आणि लोकांना वाटतं, झाडांचा काही संबंध नव्हता.

"म्हणजे आता," भागवत म्हणाला.

"म्हणजे आता."

वस्तीतल्या पाराजवळ दहा-बारा माणसं जमली. मी सांगितलं की पावसाळ्यापुरतं तरी पश्चिमेच्या घरांनी हलावं. दिलीप नावाचा एक तरुण शेतकरी होता, तो हसला.

"फौजी, तुम्ही पिशोरचे ना? मंग तुम्हाला ठावं नाय का? हितं दुष्काळ पडतो. दरड कोकणात पडती."

"जायचं तरी कुठं?" त्याचा थोरला भाऊ रघुनाथ म्हणाला. त्याचा प्रश्न खरा होता. रघुनाथची बायको सुमन हिनं आम्हाला चहा दिला. आम्ही तो घेतला आणि निघालो.

रिपोर्टमध्ये मी चार ओळी लिहिल्या. उताराची स्थिती, कुजलेल्या मुळ्या, पायथ्याचं खोदकाम, वस्ती हलवण्याची शिफारस. ओसींनी सही करून पुढं पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सालईवाडी धोकादायक गावांच्या यादीत नाही, नोंद घेतली आहे. मी तो कागद फाइलला लावला. आणखी काही करता आलं असतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो.

ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ०६५० ला फोन आला. ओसींनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं होतं. जागा मला लांबूनच कळली.

"तुमची वस्ती," ते म्हणाले. "नऊ घरं. चौदा माणसं खाली आहेत."

"कधी, सर?"

"साडेपाचच्या सुमारास."

०७२० ला कॉलम निघाला. होड्या उतरवून ठेवल्या आणि त्या जागी फावडी, पहारी, जॅक, स्ट्रेचर आणि दोन आऱ्या घेतल्या. फुलंब्रीच्या पुढं दोन ठिकाणी पुलावरून पाणी होतं. आम्ही १००५ ला पोचलो.

पश्चिमेचा उतार जागेवर नव्हता. वर धुतल्यासारखा काळा खडक दिसत होता, पाणी ओघळत होतं. खाली लाल चिखलाचा ढीग, त्यातून पत्रे आणि वासे वर आलेले. म्हसोबाचं रान जिथं सुरू होत होतं, तिथं दरड सुरी फिरवल्यासारखी थांबली होती. रानाखालची पाच घरं जशीच्या तशी होती. एका घरासमोर तुळशीवृंदावनाची कड सुद्धा हललेली नव्हती. यमुनाबाई तिथं उभ्या होत्या. 

मी लान्स नायक सलीमला समोरच्या टेकाडावर शिट्टी आणि रेडिओ सेट देऊन उभं केलं. रानाखालची पाच घरंही रिकामी करून घेतली. मग कामाला लागलो. १०४० पर्यंत तीन मृतदेह निघाले. चौथ्या ठिकाणी भागवतनं हात वर केला. सगळे गप्प झाले.

खालून बाईचा आवाज येत होता.

ती सुमन होती. घराची मागची भिंत आढ्यावर आडवी पडली होती आणि त्या पोकळीत ती अडकली होती. रघुनाथ तिच्या पलीकडं, वाशांखाली. तोही ओ देत होता. दिलीप त्या रात्री शेतातल्या खोपीवर होता म्हणून वाचला होता. तो नखांनी माती उकरत होता.

"वहिनी, फौज आली! ऐकू येतं का?"

"येतं. पानी वर येतंय, भाऊजी."

हातानं खोदून तिथं पोचायला चार तास लागले असते. १११५ ला पोकलेन आलं. पण पश्चिमेचा रस्ता दरडीखाली होता. उरली फक्त पूर्वेची पायवाट, म्हसोबाच्या रानाच्या अगदी पायथ्यातून जाणारी, चार फुटांची. मशीनला दहा फूट हवे होते. म्हणजे सहा झाडं कापायची आणि उताराचा पाय आत खणायचा, मुळ्यांसकट.

मी नाही म्हणालो. म्हटलं, हातानं खोदू, माणसं दुप्पट लावू.

दिलीपनं माझी कॉलर धरली. "झाडं वाचवता का मान्सं?"

"दिलीप, तो उतार त्या झाडांवर उभा आहे."

"आन माझा भाऊ मातीखाली हाय!"

सोडवायला दोन जवान पुढं आले. मी त्यांना थांबवलं. तहसीलचे अधिकारी छत्री धरून जवळच उभे होते. ते म्हणाले, "यातलं तुम्हालाच कळतं. तुम्ही सांगाल तसं." ते खोटं बोलत नव्हते. तिथं यातलं कळणारा मी एकटाच होतो.

मी सेट घेतला.

"कंट्रोल, कॉलम वन. ओव्हर."

"कॉलम वन, बोला. ओव्हर." ओसींचा आवाज.

मी दोन वाक्यांत सांगितलं. आत दोघं जिवंत, पाणी चढतंय. मशीन नेलं तर उभा उतार सुटू शकतो.

 ते म्हणाले, "तुम्ही जागेवर आहात. डिसिजन तुमचा. मी पाठीशी आहे. ओव्हर."

"रॉजर. आउट."

खालून सुमन पुन्हा बोलली. पाणी छातीपर्यंत आलं होतं. मी घड्याळ बघितलं. ११४० झाले होते.

भागवत आरी घेऊन शेजारी येऊन उभा होता.

"साहेब, मुळ्या?"

"माहीत आहे."

"ऑर्डर?"

"ऑर्डर."

त्यानं मान हलवली आणि गेला. सहा झाडं पाडायला त्याला एकवीस मिनिटं लागली. तीन अंजनाची होती. अंजनाचं लाकूड फार टणक, त्याला मध्ये एकदा चेन बदलावी लागली. मग पोकलेननं उताराचा पाय आत घेतला. बादलीच्या दातांत मुळ्या अडकून ताणल्या जायच्या आणि तुटायच्या, तेव्हा दोरखंड तुटल्यासारखा आवाज व्हायचा. यमुनाबाई तोंड फिरवून बसल्या. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ उतार खणले. चूक होतेय हे माहीत असताना खणलेला तो एकच.

१२३५ ला मशीन घरापाशी पोचलं. भिंत उचलली. १३१० ला सुमनला बाहेर काढलं. एक पाय मोडला होता, ती शुद्धीवर होती. स्ट्रेचर उचलताना ती म्हणाली, "त्यांना काढा. आत्ता बोलत व्हते." पण रघुनाथनं मागच्या पंधरा मिनिटांत ओ दिली नव्हती. भागवत पोटावर झोपून आत शिरला. त्याला एक हात दिसत होता. मध्ये सागाचं आढं आडवं आलं होतं, ते कापल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. दिलीप त्याच्या शेजारी माती मागं ओढत होता.

मी कापलेल्या उताराकडं गेलो. खणलेल्या भागातून एक झरा फुटला होता. मघाशी पाणी नितळ होतं. आता ते लाल येत होतं.

नितळ पाणी म्हणजे नुसतं पाणी. लाल पाणी म्हणजे आतून माती निघायला लागली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ओरडलो, "सगळे बाहेर! आडवे! आडवे पळा!" माझं ओरडणं आणि सलीमच्या शिट्ट्या एकाच वेळी झाल्या. १३२६.

चाळीस जणांपैकी अडतीस आडवे पळाले. पोकलेनचा ऑपरेटर उडी टाकून पळाला. सलीम शिट्टी वाजवत राहिला. भागवतचे बूट मला आढ्याखालून बाहेर दिसत होते. ते मागं सरकायला लागले होते. मी त्या दिशेनं निघालो, तेव्हा सीनियर हवालदारानं मला कमरेतून धरून आडवं पाडलं. त्यानं बरोबर केलं.

म्हसोबाचं रान उभ्याच्या उभं खाली आलं. पहिले काही क्षण झाडं सरळ होती, चालत आल्यासारखी. मग आडवी झाली. आवाज फार मोठा नव्हता. थांबलं तेव्हा पोकलेनचा फक्त पिवळा हात वर होता. ज्या पाच घरांना सकाळी ओरखडा सुद्धा गेला नव्हता, ती नव्हती. घरं रिकामी होती, हीच त्या दिवसाची एक गोष्ट मी नीट केली.

मी जवान मोजले. दोन कमी. दुसऱ्यांदा मोजले. मग त्यातला एक सलीम, टेकाडावर आहे हे लक्षात आलं आणि तो धरूनही एक कमी आहे हेही.

"कंट्रोल, कॉलम वन. दुसरी दरड. एक जवान खाली. एक सिव्हिलियन खाली. ओव्हर."

"नाव?"

"नायक भागवत."

मी सेट खाली ठेवला आणि फावडं उचललं.

त्याला आम्ही तिसऱ्या दिवशी काढलं. दिलीप त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. रघुनाथ त्या दोघांच्या पुढं. तिघंही एका वाशाएवढ्या जागेत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी झाली. ऑर्डर कुणाची, असं विचारलं. मी म्हणालो, माझी. धोक्याची कल्पना होती का? होती. ओसींनीही उभं राहून सांगितलं की परवानगी त्यांची होती. निष्कर्ष असा निघाला की उपलब्ध परिस्थितीत निर्णय योग्य होता, एक जीव वाचला. त्यांनी मला दोषी धरलं असतं तर मी सही करून शिक्षा घेतली असती आणि ती कधीतरी संपली असती. सहा महिन्यांनी मी निवृत्त झालो.

पहिल्या पावसाळ्याआधी मी आणि यमुनाबाईंनी त्या उतारावर रोपं लावली. त्या आता पिशोरला बहिणीकडं राहतात. बांबू, करंज, अंजन, आणि कडेनं वाळा. त्यांनी खड्डे कसे तिरपे घ्यायचे ते दाखवलं, मी घेतले. सालईच्या जाड फांद्या कापून तशाच रोवल्या, त्या फुटतात. साडेतीनशे रोपं. पहिला उन्हाळा गेला तेव्हा दोनशेच्या आसपास उरली. माती नसलेल्या खडकावर काही जगलं नाही. मग शेरडं शिरली. मी कुंपण घातलं, ते कुणीतरी सरपणाला नेलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा आला. आता मोजून एकोणीस झाडं आहेत. त्यातलं सगळ्यांत मोठं अंजन माझ्या गुडघ्याएवढं आहे. त्याची मुळी खडकात शिरून उतार धरण्याच्या लायक व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं लागतील. मी आज चौपन्न वर्षांचा आहे. यमुनाबाई सत्तरीला टेकल्यात. आणि त्या उताराखाली आता राहतंच कोण? वस्ती उठून गेली. सालईवाडीचं नाव मात्र धोकादायक गावांच्या यादीत आलं.

एकदा रोपांना पाणी घालताना मी यमुनाबाईंना विचारलं, "मावशी, मी ते रान कापायला नको होतं ना?"

त्यांनी हातातलं आळं नीट केलं.

"नसतं कापलं तर सुमन बुडून मेली असती. कापलं तर तुझा मानूस गेला आन माझं घर गेलं. ते त्या दिवशीचं नव्हतंच, दादा. ते चार साल आधीच झालं व्हतं. तू नुसता मधी सापडला."

त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

सुमन जगली. ती माहेरी असते, थोडी लंगडते. दर दिवाळीला ती फोन करते आणि म्हणते, "दादा, तुमच्यामुळं हाय मी." मी बरं म्हणतो. फोन ठेवल्यावर त्या दिवशी मला जेवण जात नाही.

तिथून पाच किलोमीटरवर त्याच डोंगराच्या कुशीत दुसरी वस्ती आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर लोक घाबरत नाहीत, नुसते चिडतात. तिच्यामागचा उतार दोन वर्षांपूर्वी उघडा झाला. पायथ्याचा मुरूम आजही जातो. ट्रॅक्टर माझ्या दारावरून जातात. मी तिथल्या ग्रामसभेत तीनदा बोललो. लोकांनी मान दिला, खुर्ची दिली, माजी सैनिक म्हणून शाल घातली. शेवटच्या वेळी मी एका बुंध्याची मुळी उपटून नेली आणि सरपंचांच्या टेबलावर ठेवली. ती अजून चिवट होती. त्यांनी दोन्ही हातांनी ताण दिला, तुटली नाही.

"बघा," ते म्हणाले, "पक्की हाय की."

"आता आहे," मी म्हणालो. "अजून दोन वर्षांनी परत ओढून बघा."

"दोन सालात काय व्हतंय ते दोन सालानं बघू."

सभा पुढच्या विषयाकडं गेली, पाण्याच्या टाकीच्या. मी अर्ज दिलेत. पोच आहेत. दर पावसाळ्यात मी तिथं जाऊन झऱ्यांचं पाणी बघून येतो. अजून नितळ आहे. एक दिवस ते लाल दिसेल, तेव्हा मी ओरडेन, आणि कोण कुठल्या बाजूला पळेल हे मला ठाऊक नाही.

भागवतची बायको मीरा करमाडलाच राहते. शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. मुलगी तिसरीत. वर्षातून एकदा मी जातो. पहिली तीन वर्षं ती मुलीबद्दल बोलायची, कंपनीबद्दल बोलायची, त्या दिवसाबद्दल कधीच नाही. मीही काढलं नाही. यंदा मी गेलो तेव्हा ती पहिल्या पाळीवरून नुकतीच आली होती. दारातच बसली, बूट काढता काढता म्हणाली,

"साहेब, तिथं घुसायची ऑर्डर कोणाची होती?"

"माझी."

"झाडं कापायची पण?"

"ती पण माझीच."

तिनं दुसरा बूट काढून बाजूला ठेवला.  मग तिनं विचारलं, "शेवटाला ते काय करत होते?"

मी तिला जे दिसलं ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी आरी त्याच्या हाताखाली सापडली. इंजिन बंद केलेलं होतं आणि चेनचा ब्रेक ओढलेला होता. जवळ माणूस असेल तर चालती आरी टाकून पळायचं नाही, आधी बंद करायची, ब्रेक लावायचा, असा नियम आहे. त्याला दोन सेकंद लागतात. त्याच्या शेजारी दिलीप होता. तो नियम भागवतला मी शिकवला होता.

मीरानं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती.

"म्हणजे शिट्टी त्यांनी ऐकली होती," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "ऐकली होती."

ती आत गेली. मुलीला हाक मारली, जेवायला वाढलं. मी पायरीवर बसून राहिलो. सालईवाडीत त्या दिवशी सोळा माणसं गेली. चौदा पहिल्या दरडीखाली होती, त्यातली सुमन तेवढी निघाली. जखमी झालेली एक म्हातारी नंतर दवाखान्यात वारली. सोळावा दिलीप नव्हता, तो पंधरावा.

सोळावा नायक भागवत. वय एकतीस. राहणार करमाड.